झेरॉक्स

शिक्क्यावरची अक्षरं उलटी कोरायची,
एवढं एकच शिक्षण वडिलांनी मला दिलं,
फरासखान्याच्या मागच्या बोळात, सहा बाय आठच्या दुकानात.
ते पुरलं.
अजूनही दुकानांच्या पाट्या मी आधी उजवीकडून वाचायला जाते.

माझ्याकडे सगळे येतात.
नोटरी, पतसंस्थांचे सेक्रेटरी,
‘खरी प्रत’ हवी असलेले मुख्याध्यापक
आणि इंजिनिअर.
त्यांचा शिक्का गोल, मधे सहीपुरती जागा,
खाली महापालिकेचा परवाना क्रमांक.
परवान्याची झेरॉक्स पाहिल्याशिवाय मी तो करत नाही.
पूर्वी करायची.

रंगनाथ कुदळे मंगळवारी आले, धायरीहून,
दोन बस बदलून.
बोटांच्या पेरांत सिमेंट इतकं जुनं
की अंगठ्याचा ठसा कोरा उठावा.
“लिहून घ्या,” म्हणाले,
“इंजि. रंगनाथ कुदळे. स्ट्रक्चरल.”

झेरॉक्स?

“एकतीस वर्षं स्लॅब टाकतोय, बाई.
एक उतरला नाही.”

डिप्लोमा तरी?

“दुसऱ्या वर्षाला गणित राहिलं. मग वडील—”
आणि उरलेलं वाक्य त्यांनी हातानंच
थापीनं गिलावा सारखा करावा तसं पुसून टाकलं.

“नावाआधी इंजिनिअर लावायला कोण अडवतंय?
आमच्या गल्लीत कुलर दुरुस्त करणाराही लावतो.
अडतं ते नकाशावर.
ज्याची सही चालते
त्याला ओळंबा धरायला मी शिकवला.
अजून फोन करतो, काका, इथं सळई कितीची?
मी सांगतो. तो सही करतो.
पैसे सहीचे.”

खोटं बोलत नव्हते.
पण मला एक गॅलरी आठवत होती.
कुठली ते सांगत नाही.
रात्री पडली म्हणून फक्त एक सायकल गेली,
आणि दोरीवरचे कपडे.
पोलिसांनी समोर धरलेल्या कागदावर माझा शिक्का होता.
माझ्या ‘र’ला डावीकडे एक खोच असते, जुन्या पात्याची,
मी ती दुरूनच ओळखली.
परवाना क्रमांक मनानं ठोकलेला.
त्या गृहस्थांनीही वर्षंच मोजून दाखवली होती.

“नाही जमणार,” मी म्हटलं.

ते उठले नाहीत.
मान वर करून माळ्याकडे बघत राहिले.
“हा मधला खांब कुणी कापला?”
वडिलांनी. कपाट बसेना म्हणून.
“वर काय आहे?”
छपाईचे खिळे. शिशाचे. चाळीस खोकी.
त्यांनी तुळईवर बोटाचं पेर वाजवलं,
कान लावला,
वितीनं अंतर घेतलं,
आणि माझ्याच बिलाच्या मागे पेन्सिलनं
एक रेघ, एक बाण, एक आकडा.
“टेकू इथं. आजच.
खोकी आठवड्यात खाली.”

किती द्यायचे विचारलं तर म्हणाले,
“कशाचे? मी थोडाच इंजिनिअर!”
रागानं म्हणाले की गमतीनं
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

संध्याकाळी टेकू लागला.
शटर ओढण्याआधी, दिवा नीट नसताना.
गुडघ्याला रोज लागतो.
खोकी अर्धी उतरली, अर्धी अजून वर आहेत,
रद्दीवाला शिशाचा भाव पाडून मागतोय.

गिऱ्हाईक विचारतं, दुकानात मधेच हा वासा कशाला?
मी म्हणते, इंजिनिअरनं सांगितलंय.
सहज निघून जातं तोंडून.

कागद भिंतीला चिकटवलाय, सही नसलेला.
कुदळे परत आले तर चहा सांगेन,
खुर्ची पुसून देईन, वासा दाखवेन,
आणि त्यांनी पुन्हा तेच मागितलं
तर पुन्हा विचारेन:
झेरॉक्स?